चाळीस झुडपं

४ जानेवारी

वहिनी,

दादाचा फोन आला होता. एरवी तो फोनवर हवापाण्यापलीकडे जात नाही, पण परवा बोलता बोलता त्याच्या तोंडून निसटलं, की संग्रहालयातल्या बाबांच्या रेल्वेच्या मॉडेलमधल्या डोंगरावरची जुनी झुडपं काढून सगळी नवी लावणार आहेत, आणि ती तू करणार आहेस. वर मलाच म्हणतो, "तुला वहिनीनं कळवलं असेलच." कुठली कळवतेस तू.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडायला लागतो आणि दादा मधे पडून विषय बंद करतो. पत्रात निदान तुला मला मधेच तोडता येत नाही.

सरळच विचारते. ही झुडपं तू का करायचीस? मी एकवीस वर्षं मॉडेलच्या कारखान्यात काढली आहेत. इथे मोठमोठ्या इमारतींची मॉडेलं होतात आणि त्यांच्या भोवतीची झाडं, कुंपणं, बागा सगळं माझ्या टेबलावरून जातं. तू लग्न होऊन आलीस तेव्हा तुला गोंद आणि खळ यांतला फरक माहीत नव्हता. बाबांची नजर गेल्यावर त्यांच्या शेजारी बसून तू चार गोष्टी शिकलीस, ते मला मान्य आहे. पण तो डोंगर बाबांनी केला तेव्हा मी बारा वर्षांची होते. शाळेतून आले की दप्तर फेकून त्यांच्या टेबलाशी उभी. आणि त्या सबंध वर्षात त्यांनी मला काय दिलं, तर तार पिळायला. बारीक तारांचा पीळ घालून झुडपाचं खोड करायचं, तेवढं माझं. तेही कित्येकदा सोडून पुन्हा स्वतः पिळायचे. पाल्याला कधी हात लावू दिला नाही. "तुझा हात अजून बसला नाही," म्हणायचे. तो अजूनही बसायचाच आहे, असं दिसतं.

तुझा बरा आठ वर्षांत बसला.

एका डोंगरावर दोन हातांची झुडपं शोभत नाहीत, हा त्यांचाच नियम. तेव्हा अर्धी तुम्ही करा, अर्धी मी, असलं काही गोड सुचवू नकोस. एक तर तू, नाहीतर मी. बाबांना विचार, आणि माझं नाव घेऊन विचार.

तुझी नणंद

११ जानेवारी

प्रिय वन्सं,

नमस्कार. 'वन्सं' म्हटलं की तुम्हाला राग येतो, ठाऊक आहे. पण तुम्ही वयाने मोठ्या आणि नात्याने धाकट्या, तुम्हाला काय म्हणावं हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही.

कळवणारच होते. पण बाबांच्या डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब घालायचे असतात, त्यांचं जेवण वेगळं, शिवाय यांचं ऑफिस. पत्राला बसायचं म्हटलं की बाबांची हाक येते. तुम्ही एकट्या, तुमचा वेळ तुमचा. तुमचा हेवा वाटतो कधी कधी, खरंच.

बाबांना विचारलं, तुमचं नाव घेऊनच विचारलं. आधी त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, तिच्या कारखान्यात यंत्रावर पाला कापतात, तिचा हात आता कसा आहे ते मला काय माहीत. दुसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाले, दोघींनी चाळीस चाळीस करा, मी बघतो. बघतो म्हणजे हाताने. त्यांची रीत तुम्हाला माहीतच आहे, झुडूप अलगद मुठीत धरून दाबायचं. सोडल्यावर ते पुन्हा उभं राहिलं पाहिजे आणि तळहातावर एक पान राहता कामा नये. संग्रहालयाच्या बाई बारा फेब्रुवारीला घरी येतील. बाबा ज्या ट्रेवर हात ठेवतील तो ट्रे त्या तेव्हाच घेऊन जातील, म्हणजे नंतर कुणाचं मन बदलायला नको. ती चाळीस स्टेशनच्या पुढच्या कडेला लागणार, लोक अगदी काचेला नाक लावून बघतात तिथे. बाकीची पाचशे मग त्याच हाताने करायची.

जुनी झुडपं तुम्ही बघायला हवी होतीत. तीस वर्षं दिव्याखाली राहून ती राखेसारखी झाली आहेत. बाबांना दिसत नाही तेच बरं.

मी तर केवळ तुमच्यासमोर हसं होऊ नये म्हणून करते आहे. तुमच्यासारखा अनुभव मला कुठला.

तुमची वहिनी

३ फेब्रुवारी

वहिनी,

सोबत खोका. वरचा कागद कात्रीने काप, सुरीने नको. आत पुठ्ठ्याला चाळीस भोकं पाडून एकेक झुडूप खोचलं आहे. ओढून काढू नकोस, खोडाला धरून वर उचल.

ती कशी केली तेही लिहिते, कारण तू ती उलटीपालटी करून बघणार हे मला माहीत आहे. गादीतला जुना फोम हिरव्या रंगात बुडवून, वाळवून, मिक्सरमधून काढला. तीन चाळण्यांतून चाळला. एकच हिरवा नाही, पाच आहेत. वरच्या पाल्याला उन्हाचा पिवळट, पोटात जवळजवळ काळा. शेवटी गोंदाच्या पाण्याचा फवारा. तीन आठवडे कारखान्यातून आल्यावर रोज हेच. मोजून एकशे दहा केली आणि त्यातली चाळीस निवडली. उरलेली सत्तर माझ्या मुख्य कारागिरानं हॉटेलच्या मॉडेलला लावली आणि मालकाची शाबासकी मिळवली. मला त्या शाबासकीचं काही वाटत नाही.

मला कशाचं वाटतं ते आता लिहूनच टाकते, तू हसलीस तरी चालेल. माझं वय शेहेचाळीस आहे. बाबांनी माझ्या कुठल्याही कामाला आजवर चांगलं म्हटलेलं नाही. ठीक म्हटलं आहे. चालेल म्हटलं आहे. आई गेली तेव्हा मी चार महिने घर चालवलं, त्याला ते "निभावलं" म्हणाले. मला एकदा, फक्त एकदा, त्यांच्या तोंडून ऐकायचं आहे की हे चांगलं झालं आहे. डोंगराचं मला काय करायचंय, तो खड्ड्यात गेला तरी चालेल.

म्हणून एकच विनंती. कुठला ट्रे कुणाचा हे त्यांना सांगू नकोस. तू सांगितलंस तर ते तुझाच निवडतील. तू त्यांना बाबा म्हणतेस ना, लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यापासून. तेव्हाच मला खटकलं होतं.

तुझी नणंद

१४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

नमस्कार. खोका नीट पोचला, एकही झुडूप मोडलं नाही.

परवा बाई येऊन गेल्या. तुमच्या सांगण्याप्रमाणे मी दोन्ही ट्रे बाबांसमोर टेबलावर ठेवले आणि कुठला कुणाचा ते सांगितलं नाही. बाई शेजारच्या खुर्चीवर होत्या, हे दाराशी उभे होते. बाबांनी दोन्ही ट्रेंमधली दहा-बारा झुडपं हाताळली, बराच वेळ घेतला. मग एका ट्रेवर हात ठेवून म्हणाले, "ही सूनबाईची. हीच लावा. चांगली झाली आहेत." बाईंनी तो ट्रे तसाच उचलून नेला.

घडलं ते एवढंच. तुम्हाला वाईट वाटेल, पण दुसऱ्या ट्रेलाही त्यांनी वाईट म्हटलं नाही.

आता बाकीच्या पाचशेचं बघायचं. एक विचारायचं होतं. तुम्ही शेवटी गोंदाचं पाणी फवारता, त्यात गोंद किती आणि पाणी किती? बाबांच्या रीतीत फवारा नाही, आम्ही ब्रशने जाड वार्निश लावतो. त्याने झुडूप जरा कडक होतं. सहज विचारते आहे. वेळ मिळेल तेव्हा कळवा, पण लवकर कळवलंत तर बरं.

तुमची वहिनी

२२ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. "ही सूनबाईची." म्हणजे तू न सांगताही त्यांना कळलं. तुझ्या हाताची त्यांना एवढी ओळख, आणि पोटच्या मुलीचं काम दुसऱ्या ट्रेमधे पडलेलं, त्याला ते वाईट म्हणाले नाहीत. उपकारच म्हणायचे.

आणि ते तीन शब्द. चांगली झाली आहेत. ते मी तुला पत्रात लिहिले होते, ते मला हवे होते, आणि ते तू माझ्याच पत्त्यावर पाठवून दिलेस, तुझ्या नावचे. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या दिवशी कारखान्यात माझ्या हातून कात्री निसटून एका बंगल्याचं छप्पर गेलं. कारागीर म्हणाला, घरी जा. मी गेले नाही. घरी जाऊन काय करू?

खरं सांगू, मला तुझा राग येत नाही. राग आला असता तर तुला चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. मला तुझा हेवा वाटतो. सकाळी उठून तू त्यांच्या डोळ्यांत थेंब घालतेस याचाही. त्यांची हाक येते आणि तुझं पत्र अर्धं राहतं याचाही. मला हाक मारणारं कुणी नाही, त्यामुळे माझी पत्रं पूर्ण होतात.

माझा खोका परत पाठव. ती चाळीस झुडपं मला इथे माझ्या खिडकीत हवी आहेत.

आणि तुला माझी कृती कशाला लागते? तुझी झुडपं बाबांना पसंत पडली आहेत ना, मग तशीच कर. पण विचारलंस म्हणून लिहिते, उगाच मनात ठेवलं असं व्हायला नको. गोंद एक भाग, पाणी दोन भाग. हलकं फवारायचं, दोनदा. बस्स, आणखी काही नाही.

तुझी नणंद

२० मार्च

प्रिय वन्सं,

नमस्कार. उशीर झाला. दिवसाला वीस-पंचवीस झुडपं होतात, बोटांची सालटी निघाली आहेत. घरभर हिरवा भुसा. काल यांच्या फळांच्या रसात फोम निघाला, कारण मिक्सर एकच. हे चमच्याने काढून प्यायले. बाबा मात्र दिवसभर शेजारी बसून असतात. मी फवारते, ते वास घेतात आणि म्हणतात, वार्निश का नाही? मी म्हणते, आता हीच रीत.

तुमच्या खोक्याबद्दल कसं सांगू कळत नाही. मी तो गॅलरीत ठेवला होता, वरच्या मजल्यावरच्यांनी कुंड्यांना पाणी घातलं आणि सगळं खाली आलं. पुठ्ठा भिजला, झुडपंही गेली. फार वाईट वाटलं. भरून देता आलं असतं तर दिलं असतं.

उद्घाटन अठरा एप्रिलला आहे. तुम्ही एवढ्या लांबून येण्यात काही अर्थ नाही असं मला वाटतं. कार्यक्रम जेमतेम अर्धा तास, गर्दी फार, मॉडेलजवळ तर उभंही राहता येणार नाही. त्यापेक्षा सावकाश केव्हातरी निवांत या. बाबांनाही गर्दीत तुमच्याशी धड बोलता यायचं नाही. मी तुम्हाला फोटो पाठवीन, लांबून काढलेले का होईना.

रागावू नका.

तुमची वहिनी

२१ एप्रिल

वहिनी,

मी आले होते.

पहाटेच्या गाडीने निघाले आणि दुपारच्या गाडीने परत फिरले. तुम्हाला कुणाला दिसू नये म्हणून मी दाराजवळच्या खांबामागे उभी होते. बाबांना तुम्ही खुर्चीत पुढे बसवलं होतं, नवा शर्ट घातला होता, आणि लोक येऊन त्यांचा हात हातात घेत होते. तू त्यांच्या मागे उभी होतीस. पाटीवर लिहिलेलं वाचलं, "झुडपे: मूळ कारागिरांची सून."

मग तुम्ही सगळे भाषणाला आतल्या खोलीत गेलात आणि मी काचेपाशी गेले. म्हटलं, बघू तरी, माझ्याहून काय असं चांगलं केलंय.

स्टेशनच्या पुढच्या कडेला माझी झुडपं होती.

आपलं काम ओळखायला पाटी लागत नाही, वहिनी. तरी म्हटलं, मला भास होत असेल. म्हणून खाली वाकून खोडं बघितली. मी डावखुरी आहे. मी तार पिळते ती उलटी पिळली जाते. लहानपणी बाबा माझे पीळ सोडून पुन्हा घालायचे ते याच कारणाने. तू उजवी, बाबा उजवे. तिथे ओळीने चाळीस खोडं उलट्या पिळाची आणि मागे डोंगरभर सरळ पिळाची. ही झुडपं गॅलरीत भिजली होती ना?

म्हणजे त्यांनी माझी निवडली. ते तीन शब्द माझे होते, आणि तू ते घेऊन बसलीस, मला पत्राने कळवलेस, वर मला यायला मनाई केलीस. मी ओरडणारच होते. भाषण थांबवून सगळ्यांसमोर तुझा हात धरणार होते.

पण मी तशीच निघून आले, आणि का ते आता लिहिते. तेवढ्यात कुणीतरी बटण दाबलं आणि गाडी सुरू झाली. डोंगर किंचित थरथरला आणि मागच्या झुडपांतून पाला गळायला लागला. बारीक हिरवा भुसा रुळांवर, स्टेशनच्या छपरावर. गाडी दुसऱ्या फेरीला आली तेव्हा तिच्या डब्यांवरही होता. एक बाई आपल्या मुलीला म्हणाली, बघ, पानगळ पण दाखवली आहे.

ती पानगळ माझी आहे. गोंदाच्या पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालावा लागतो. नाहीतर ते पाणी पाल्यात मुरत नाही, वरच थेंबाथेंबांनी बसतं, वाळतं, आणि आतला पाला मोकळाच राहतो. हे कारखान्यातलं साधं पोरगंही जाणतं. मी तुला ते मुद्दाम लिहिलं नाही. "आणखी काही नाही" असं लिहिताना मला बरं वाटलं होतं.

मला वाटलं होतं तुझ्या कामाची शोभा होईल. तो बाबांचा डोंगर आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि ते खुर्चीत नवा शर्ट घालून बसलेले.

आता तू मला काय म्हणायचं ते म्हण. पण आधी मला सांग, त्या दिवशी काय झालं होतं ते.

तुझी नणंद

२९ एप्रिल

वन्सं,

झालं ते असं. बाबांनी आधी माझी झुडपं दाबली. ती कडक, टोचणारी. त्यांनी हात पुसला. मग तुमची दाबली आणि ती परत उठली. ते हसले. मी त्यांना असं हसताना फार वर्षांत बघितलं नव्हतं. मग त्यांनी त्या ट्रेवर हात ठेवला आणि म्हणाले, ही सूनबाईची.

मला बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण बाईंनी माझ्याकडे वळून अभिनंदन केलं, आणि हे दारातून म्हणाले, "वा." यांनी मला वा म्हटल्याचं मला आठवत नाही. तेवढ्यात ट्रे उचलला गेला. मी मूग गिळून बसले. संध्याकाळपर्यंत सांगीन म्हटलं, मग सकाळी सांगीन म्हटलं, मग तुम्हाला पत्र लिहिलं, त्यात एकही शब्द खोटा नव्हता, हे मी स्वतःला दहा वेळा सांगितलं. खोटं नंतर आलं, खोक्याचं. आणि पाचशे झुडपं तुमच्यासारखी करायला बसले, कारण दुसरा इलाज नव्हता. पाला गळतोय हे मला घरीच दिसलं होतं. मला वाटलं माझाच हात कमी पडतो. साबणाचं मनातही आलं नाही. तुमच्याबद्दल असं काही मनात येणं मला जमलं नाही.

तुमचं पत्र आलं आणि मी ते घेऊन बाबांकडे गेले. त्यांना सगळं वाचून दाखवलं, साबणासकट. म्हटलं, दोघींचं एकदम होऊन जाऊ दे. ते ऐकत होते. उलट्या पिळाचं वाचलं तेव्हा त्यांच्या बोटांनी हवेतच तसा पीळ घातला. मी विचारलं, "बाबा, तुम्हाला त्या दिवशी कळलं होतं?"

ते म्हणाले, "हातात घेतलं तेव्हाच."

"मग माझं नाव का घेतलंत?"

त्यांनी टेबलाची कड चाचपली. मग म्हणाले, "तू समोर बसली होतीस."

बस्स, एवढंच. त्यानंतर रेडिओ लावायला सांगितलं.

वन्सं, मी आठ वर्षं त्या माणसाचे डोळे होऊन राहिले आहे. त्या दिवशी त्यांच्या चुकीने मला काहीतरी मिळालं आणि मी ते चोरलं, असं मी समजत होते. चोरीचं ओझं मला पेलत होतं. आता कळतं की चूक नव्हतीच. त्यांनी मला ते जाणूनबुजून दिलं, दारात उभं राहिलेल्याला काहीतरी द्यावं तसं. माझी झुडपं वाईट होती हे त्यांना माहीत होतं, आणि तुमचीच चांगली हेही. तुमच्याबद्दल इतकी खात्री, की तुमचं उचलून दुसऱ्याला देताना त्यांना काही वाटलं नाही. मला त्या खात्रीचा हेवा वाटतो. तुम्ही माझ्या थेंब घालण्याचा हेवा करता, मला हसू येतं.

बाईंना मी फोन करून खरं सांगितलं. पाटी बदलणार आहेत. मागची पाचशे काढून टाकणार, आणि जूनअखेर नवी हवी आहेत. ती तुम्हीच करायची. मी त्यांना तसं कबूल केलं आहे, तुम्हाला न विचारता.

साबणाबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करीन असंही वाटत नाही. पण तुम्ही लिहिलंत, ते बरं केलंत.

वहिनी

७ मे

वहिनी,

माफ करू नकोस. मीही खोक्याचं माफ केलेलं नाही.

तुझं पत्र आल्यावर मला आधी आनंद झाला. ओळखलं त्यांनी, हातात घेतलं तेव्हाच. दिवसभर मी कारखान्यात गुणगुणत होते, कारागिराने दोनदा विचारलं काय झालंय. ते तीन शब्द आता माझे होते, पत्ता बदलून आलेले का होईना. संध्याकाळी खिडकीत बसून ते मनात म्हणून बघितले आणि मला काहीच वाटलं नाही. मग पुन्हा तुझं पत्र काढलं, आणि बघ, मला कशाचा हेवा वाटला. ते तुझ्यासाठी खोटं बोलले.

माझ्याशी ते कधी खोटं बोलले नाहीत. मी सात वर्षांची असताना त्यांचं चित्र काढलं होतं, तर म्हणाले, कान खाली गेलेत. ताप असताना विचारलं, मी मरणार का, तर म्हणाले, डॉक्टर आल्यावर कळेल. मी समोर नव्हते असं नाही. रोज समोर होते. दप्तर टाकून टेबलाशी उभी होते. पण माझा चेहरा बघून त्यांना कधी वाटलं नाही, की हिला जरा काहीतरी बोलावं, खरं नसलं तरी. तुझा चेहरा तर त्यांना दिसतही नव्हता.

तू त्याला भीक म्हणतेस. मला तीच हवी होती इतकी वर्षं. चांगलं काम केल्यावर चांगलं म्हणणं हा त्यांचा धंदाच होता, ते कुणाही कारागिराला म्हणायचे.

पाचशे झुडपं मी करीन. तीन आठवड्यांची रजा घेतली आहे, कारागीर कुरकुरला, पण दिली. तारा आणि फोम इथूनच आणते. शनिवारी दुपारी पोचेन. माझी गादी बाहेरच्या खोलीत घाल, तुझ्या खोलीजवळ नको, आपण दोघी तीन आठवडे काही गोडीत काढणार नाही.

एक गोष्ट सांगून ठेवते. येताना मी एक वाईट झुडूप करून आणते आहे. मुद्दाम वाईट. खोड ढिलं, पाला जागोजागी उडालेला, गोंद लोंबतोय, दाबलं की तळहात हिरवा होईल. ते करायला मला चार संध्याकाळी लागल्या, हात ऐकेच ना. ते मी त्यांच्या हातात देईन, सांगेन की हे मी केलंय, आणि समोर बसेन.

ते वाईट म्हणाले तर मी मुकाट्याने उठून कामाला लागेन, नेहमीसारखी. चांगलं म्हणाले तर मला तिथे बराच वेळ बसावं लागेल. तू त्या वेळी खोलीत येऊ नकोस, डोळ्यांचे थेंब घालायची वेळ झाली असली तरी. त्या दिवशी ते मी घालीन.

तुझी नणंद